शेरडं का जगली?

१

मेलेल्या मेंढीशेजारी उभं राहून निवांत रवंथ करणाऱ्या शेरडाइतका निर्विकार चेहरा विजयमालाबाईंनी आजवर एकच पाहिला होता. तो त्यांच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांचा होता.

पंचाहत्तर सालचा माघ महिना होता. आज जिथं जुळे सोलापूरच्या वसाहती उभ्या आहेत, तिथं तेव्हा जोंधळ्याची रानं होती. त्यातल्या जोतीरामच्या रानात कोंडीबा धनगराचा कळप उतरला होता, आणि सकाळच्या उन्हात त्यातली सात मेंढरं पाय ताठ करून आडवी पडली होती. त्यांच्यामधून कोंडीबाची शेरडं, म्हणजे शेळ्या, मात्र बाभळीच्या शेंगा टिपत अशी हिंडत होती, की जणू आपल्या घरचं काही नाहीच.

"डाक्टर कुटं हायत?" कोंडीबानं विचारलं.

"मीच."

म्हाताऱ्यानं त्यांच्या मागं डोकावून पाहिलं. विजयमालाबाई गरड ह्यांना त्याची सवय होती. जनावरांचा डॉक्टर बाई निघाली की लोक आधी तिच्या मागं बघत, मग बॅगेकडं, आणि मग नाइलाजानं तोंडाकडं. त्यांनी कोंडीबालाही तेवढा वेळ दिला. तोवर त्यांनी त्याला पाहून घेतलं. थकलेले डोळे, खांद्यावर घोंगडी, डोक्याला पांढरा पटका, पटक्यावर बारीक निळसर ठिपके. धुणाऱ्या बाईनं नीळ नीट विरघळवली नसावी, असं त्यांना वाटून गेलं.

"दुष्काळात समदा कळप गेला हुता, बाई," कोंडीबा म्हणाला. "दोन-तीन वर्सं पोटाला चिमटा घिऊन ह्यो पुन्यांदा उभा केला. आता ह्यो बी..."

"घरातच साप हाय, तर डाक्टर काय करनार?" मागून आवाज आला. कोंडीबाची थोरली सून सोनाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "ह्या मायाक्कानं मारली मेंढरं! काल सांजंला हिनं फडक्यातलं कायतरी त्यास्नी चाटवलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं की!"

पालाच्या दोरीला धरून धाकटी सून उभी होती. अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली पोरगी. गालफडं बसलेली, डोळे मोठे. तिचा नवरा धुळा काठीनं जमिनीवर रेघा ओढत होता आणि वर बघत नव्हता.

"उद्या सकाळी पंच बसत्यात," कोंडीबा जड आवाजात म्हणाला. "तिनंच केलं असं ठरलं, तर तिला म्हायेरी धाडायची. परत घ्यायची न्हाय."

विजयमालाबाई मायाक्काजवळ गेल्या. "फडक्यात काय होतं? दाखव बघू."

मायाक्काचा हात कमरेच्या ओच्यावर गेला आणि तिथंच घट्ट आवळला.

"न्हाय दावनार," ती म्हणाली. "पंच बसवा, न्हाय तर जीव घ्या."

२

साहेबांनी निघताना सांगितलं होतं, "विषबाधा लिहा आणि मोकळ्या व्हा." विजयमालाबाईंना लिहायला हरकत नव्हती. पण मोकळं होणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

त्यांनी एक मेंढी उघडली. आतली चरबी हळदीत लोळवल्यासारखी. रक्त लाल नव्हतंच, चिंचेच्या कोळासारखं तपकिरी. मूत्राशयात कोरा चहा साठवावा तसं काळपट पाणी. मूत्रपिंडं तर बंदुकीच्या नळीसारखी निळी-काळी. आणि काळीज, म्हणजे यकृत, पिवळं, बोटानं दाबलं तरी भुगा होईल असं.

हात धुता धुता त्या थांबल्या. रात्रीत मारणारी विषं त्यांनी पाहिली होती. पण काळजाची अशी दशा एका रात्रीत होत नाही.

जोतीराम बांधावर बसून तंबाखू मळत होता. मागच्या आठवड्यात ह्याच कळपानं त्याचा उभा जोंधळा खाल्ला होता आणि "एकेकाला बघून घेतो" असं तो चारचौघांत ओरडला होता.

"ओरडलो की," त्यानं कबूल केलं. "पन बाई, मेंढरं रानात बसवायला मीच बोलावली. ती हितं बसनार, लेंड्या टाकनार, मला खत, त्यास्नी दानं. त्यास्नी मारून मला काय मिळनार? सात खड्डे तेवढे खांदावे लागनार, ते बी माज्याच रानात!"

"विहिरीचं पाणी?"

"माजे बैल पित्यात, मी पितो, ही शेरडं पित्यात." त्यानं तंबाखूची चिमूट ओठात दाबली. "मी मेलेला दिसतोय का?"

थोरला मुलगा गुंडा रागातच होता. गेलं वर्षभर तो कळपाची वाटणी मागत होता, हे सोनाबाईनं बोलायच्या भरात सांगून टाकलं होतं.

"वाटनी मागतो म्हून काय मी मेंढरं मारीन व्हय?" तो उसळला. "मेल्यात त्यात माज्या वाटनीची बी हायत न्हवं? परवा समद्यांची लोकर कातरली मीच. त्याच्या आदी मोहोळाकडनं हितवर हाणत आनली, वाटंत एक बी पडलं न्हाय. आन् नशीब तरी बघा! त्या गेरूच्या खुनंच्या पाच मेंढ्या संक्रातीनंतर मोहोळच्या बाजारात घेतल्या. नव्या, परक्या. त्या ठनठनीत, आन् घरची मेली!"

विजयमालाबाईंनी गेरूवाल्या पाचही मेंढ्यांच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या. गुलाबी. मग त्यांनी शेजारची जुनी मेंढी धरली. पापणी फिकट पिवळी. तिच्या पलीकडची, तीही पिवळसर. तिच्या पलीकडची...

त्या कळपाच्या मधोमध उभ्या राहिल्या. मेंढरं चालत होती, खात होती, बेंऽऽ करत होती. गेरूवाल्या सोडल्या तर जवळजवळ सगळ्यांच्याच आत ते शिरलेलं होतं. मरणं संपलेलं नव्हतं. मरणं आता कुठं सुरू होत होतं.

३

पालाच्या मागं सावली होती. विजयमालाबाई तिथं मायाक्काशेजारी खाली बसल्या. एक शेरडू येऊन डॉक्टरीणबाईंच्या पदराचं टोक चघळायला लागलं, तेव्हा मायाक्कानं हळूच ते सोडवून घेतलं.

"इकडं बघ," विजयमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. "मी जनावरांची डॉक्टर आहे खरी. पण पापणी सगळ्यांची सारखीच असते, बाळ. तुझी चुन्यासारखी पांढरी आहे. अंगात रक्त नाही तुझ्या."

मायाक्काच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिनं ओच्यातनं फडकं काढलं, गाठ सोडली. आत तांबूस माती होती, मिठाचे खडे कालवलेली. विजयमालाबाई काही म्हणायच्या आत तिनं चिमूटभर उचलून तोंडात टाकली.

"वारुळाची माती हाय. हे इख असतं, तर मी कवाच मेले असते. आमची अव्वा, म्हंजी आई, लोकर कातरल्यावर मेंढरांना हीच चाटवायची. ताकद येती म्हनायची."

"आणि तू का खातेस?"

मायाक्कानं फडक्याची गाठ पुन्हा बांधली. "चौथा म्हयना हाय. मागली दोन ऱ्हायली न्हाईत. म्हून ह्या बारीला कुनाला बोलले न्हाय. धुळाला बी न्हाय. सोनाक्काला कळलं तर म्हनंल, माती खानारी बाई हाय, हिचं काय टिकनार?"

विजयमालाबाईंनी तिचा हात हातात घेतला. रक्तात लोह कमी पडलं की माणसाला माती खावीशी वाटते, हे त्यांना ठाऊक होतं. एवढ्याशा फडक्यात ह्या पोरीचं अख्खं गुपित बांधलेलं होतं, आणि उद्या पंच तिला ह्याच फडक्यापायी पोटातल्या जिवासकट हाकलणार होते.

"ही माती काल कुणी कुणी खाल्ली?"

"समद्यांनी की. गेरूवाल्यांनी बी. शेरडं तर सगळ्यात आदी. हावरट मेली."

"शेरडं कायम कळपातच असतात?"

"व्हय. नुस्ती बागेत असताना तेवढी न्हवती. तवा ती मी येगळी राखली, भायेर बांधावर."

विजयमालाबाईंनी मान वर केली. "कुठल्या बागेत?"

"द्राक्षाच्या. मोहोळाच्या अल्याड चनमल्लप्पा मालकाची हाय न्हवं? दिवाळीपास्नं संक्रात हुईस्तवर तितंच हुतो की आमी. मेंढरं मांडवाखालचं तन खायाची, मालकाला खुरपनी वाचली आन् खत बी मिळालं. पन शेरडांना त्यो आत येऊ देईना. शेरडू दोन पायांवर हुबं ऱ्हातं आन् वेलच वरबाडतं. मेंढरू बापुडं खाली मान घालून खातं."

"आणि गेरूवाल्या पाच?"

"त्या तवा आपल्या कुटं हुत्या?"

विजयमालाबाई उठल्या. पलीकडं कोंडीबा पटका काढून डोकं खाजवत बसला होता. त्यांनी तो पटका त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि उन्हात धरला. ते निळसर ठिपके बोटाला खरखरीत लागत होते.

ती नीळ नव्हती.

४

चनमल्लप्पा मनमोकळा माणूस. त्यानं बाईंना बसायला खुर्ची दिली, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढं केली, आणि मग आपली बाग दाखवायला घेतली. मांडवाच्या टोकाला एक भलं मोठं पिंप होतं. त्यात निळंशार पाणी.

"मोरचूद आणि चुना," तो अभिमानानं म्हणाला. "हे मारलं नाही, तर केवडा रोग येऊन बाग खलास. यंदा दमट हवा लई होती. मारतच होतो."

विजयमालाबाई वाकून मांडवाखाली गेल्या. वरून ठिबकून ठिबकून खालच्या गवतावर, गळलेल्या पानांवर निळसर पांढरा थर वाळून बसला होता. मेंढराच्या तोंडाच्या उंचीवर. मांडवाखालून फिरणाऱ्या म्हाताऱ्याच्या पटक्यावरही तोच थेंब थेंब गळला होता.

"मालक, ह्या गवतानं कोंडीबाची मेंढरं मेली. उद्या सकाळी जोतीरामच्या रानात त्यावर पंच बसतायत."

चनमल्लप्पाचा चेहरा उतरला आणि मग तापला. "काय बोलताय बाई? इथून जाऊन त्यांना किती दिवस झाले! इथं एक मेंढरू खोकलंसुद्धा नाही. माझी पोरं ह्याच वेलावरची द्राक्षं धुऊन खातात. उद्या पंचांपुढं माझ्यावर बालंट आणणार काय?"

"उद्या सकाळी या. बालंट दुसऱ्याच कुणावर आलंय, ते उतरवायला या."

"मी येणार नाही," तो म्हणाला आणि पाठ फिरवली.

परतीची एसटी मिळाली. मोरचूद म्हणजे तांबंच, एवढं विजयमालाबाईंना पाठ होतं. पण पंचांपुढं नुसतं पाठ म्हणून चालणार नव्हतं. त्या तडक कॉलेजात सोमलिंग सरांच्या रसायनशाळेत गेल्या. पिशवीतून दोन पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीत मेलेल्या मेंढीचं काळीज, दुसरीत खाटकाकडून आणलेलं निरोगी मेंढीचं.

"कलेजी आणलीस तर कांदा-खोबरं कुणी आणायचं?" सोमलिंग सर म्हणाले. ते बाईंना लहानपणापासून ओळखत होते आणि तेव्हापासून ह्याच प्रतीचे विनोद करत होते.

पण काम त्यांनी मन लावून केलं. दोन्ही काळजं वेगवेगळी जाळून राख केली, राख आम्लात विरघळवली. "तांबं असेल तर अमोनियानं बोलेल," ते पुटपुटले. खाटकाकडच्या बाटलीत थेंब पडले. गाळून पाहिलं, पाण्यासारखं स्वच्छ. मग त्यांनी दुसरी बाटली पुढं ओढली.

थेंब पडले, गाळण झालं, आणि सोमलिंग सरांच्या तोंडातलं पान चघळायचं राहूनच गेलं.

"सर," विजयमालाबाई हळूच म्हणाल्या, "आता ती कपाटातली अमोनियम मॉलिब्डेटची बाटली काढा."

"छे! ती प्रॅक्टिकलची आहे. पोरांची परीक्षा आलीये."

"माझीही आलीये. उद्या सकाळी, जोतीरामच्या रानात."

५

पंच घोंगड्यांवर बसले. समोर एका बाजूला मायाक्का उभी, तिच्यापासून हातभर अंतर ठेवून धुळा. रात्रीत आणखी दोन मेंढरं गेली होती आणि सोनाबाईला त्यामुळं चेव आला होता.

"तुम्ही सगळे एकच विचारताय," विजयमालाबाई म्हणाल्या, "की परवा सांजेला मेंढरांनी काय खाल्लं? तिथंच चुकतंय. मी दुसरं विचारते. शेरडं का जगली?"

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. मागं एक शेरडू शिंकलं.

"मायाक्काची माती शेरडांनी खाल्ली. जोतीरामच्या विहिरीचं पाणी शेरडं प्याली. मग ती मरायला हवी होती. बरं, शेरडाचं पोट निराळं म्हणाल. तर ह्या गेरूवाल्या पाच मेंढ्याच आहेत ना? त्यांनी माती खाल्ली, पाणी प्यालं, गुंडानं त्यांची लोकरही कातरली. त्यांची पापणी आजही गुलाबी. म्हणजे दोष मातीत नाही, पाण्यात नाही, कातरीत नाही. मेलेल्यांच्या वाट्याला असं काय आलं, जे शेरडांच्या आणि ह्या पाचजणींच्या वाट्याला आलं नाही?"

कोंडीबाच्या तोंडून शब्द आपोआप निघाला. "बाग."

"बाग!" विजयमालाबाईंनी पिशवीतून दोन बाटल्या काढून उन्हात धरल्या. "ही खाटकाकडच्या मेंढीची. स्वच्छ. आणि ही तुमच्या मेंढीच्या काळजाची."

दुसरी बाटली मोरपिसासारखी निळी झगमगली. गलका उठला. तो रंग ओळखायला कुणाला डॉक्टर लागत नव्हता.

"मोरचूद!" जोतीराम ओरडला.

"मोरचुदातलं तांबं. ते काही मुळात विष नाही. चिमूटभर तर मेंढराला लागतंच. नाही मिळालं तर लोकर राठ होते, कोकरं लुळी जन्मतात. पण मेंढीचं काळीज भलतं चिकट. बाकीची जनावरं जास्तीचं तांबं बाहेर टाकतात, मेंढी साठवत बसते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती साठवत राहिली आणि तुम्हाला वरून काही कळलं नाही."

"मंग आत्ताच का मेली?" एका पंचानं विचारलं.

"मोहोळापासून चालवत आणली, मग अंगावरची लोकर काढली, माघाची थंडी लागली. जीव थकला, आणि काळजानं साठवलेलं तांबं एकदम रक्तात सोडलं. सोनाबाई, कापलेलं वांगं तसंच ठेवलं तर काय होतं?"

"काळं पडतं," सोनाबाई नकळत बोलून गेली.

"हवेतला प्राणवायू त्याला लागतो म्हणून. तांबं रक्तात सुटलं की तोच प्राणवायू रक्तावर उलटतो. ज्याच्यावर जगायचं, तोच आतून जाळायला लागतो. लाल रक्त तपकिरी होतं, फुटतं, आणि कोऱ्या चहासारखं लघवीतून जातं. गुन्हा दिवाळीत झाला, मेंढरं माघात पडली, आणि मधल्या मध्ये सापडली कोण? जिनं चांगल्या मनानं त्यांना मीठ चाटवलं ती."

"पुरावा काय, की ते आमच्याच बागेतलं तांबं?" मागून कुणीतरी जोरात विचारलं.

सगळे वळले. चनमल्लप्पा उभा होता. त्याच्या हातात मांडवाखालचं उपटलेलं गवत होतं, निळ्या थरासकट. तो पुढं आला आणि गवत त्यानं पंचांसमोर ठेवलं.

"असं विचारायचं म्हणूनच घरून निघालो होतो," तो म्हणाला. "पण रात्रभर डोळा लागला नव्हता. येताना हे उपटून आणलं. कोंडीबा, मला ठाऊक नव्हतं रे. देवाशपथ ठाऊक नव्हतं."

"मला तरी कुटं ठावं हुतं, मालक?" कोंडीबा म्हणाला. त्यानं उठून मायाक्काकडं पाहिलं. मग धुळा हलला. ते हातभर अंतर ओलांडून तो बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"ऱ्हायलेली मेंढरं वाचत्याल का, बाई?" मायाक्कानं विचारलं. निकालाबद्दल तिनं विचारलंच नाही.

विजयमालाबाईंनी पिशवीतून तिसरी बाटली आणि एक पुडी काढली. "ही परीक्षेच्या पोरांच्या तोंडचा घास काढून आणलीये. ह्यात मॉलिब्डेनम नावाचं दुसरं एक खनिज आहे. ह्या पुडीतल्या मिठासारख्या क्षाराबरोबर पाजलं, की ते तांब्याला पकडून शरीराबाहेर नेतं. ज्यांची लघवी काळी झाली त्यांचं मी सांगू शकत नाही. बाकीच्यांना वाचवायचंय. जबडे कोण धरणार?"

"मी," मायाक्का म्हणाली.

"तू न्हाय," सोनाबाई पदर खोचत पुढं आली. ती मघापासून मायाक्काच्या फिकट तोंडाकडं आणि ओच्यातल्या फडक्याकडं आळीपाळीनं बघत होती, आणि तीन लेकरांच्या आईला जे कळायचं ते कळलं होतं. "वजं उचलायचं न्हाय तू. मेंढरू हिसका दील पोटात. मी धरते. तू नुस्ती पाज." मग ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "आन् सांगितलं का न्हाईस गं, येडे?"

धुळा दोघींकडं बघत राहिला. मग त्याच्या हातातली काठी खाली पडली.

उतरत्या उन्हापर्यंत पाजणं चाललं. गुंडा मेंढरं ओढून आणत होता, जोतीराम विहिरीचं पाणी उपसत होता आणि चनमल्लप्पा धोतर सावरत कळप अडवत होता. पुढचे दिवस विजयमालाबाई रोज येत राहिल्या. आजारानं धरलेली थोडी मेंढरं गेली. पण मग एका सकाळी कोंडीबा लांबूनच हात उंचावून ओरडत आला, "बाई, आज एक बी पडलं न्हाय! आन् पिवळं डोळं गुलाबी हुत्यात!"

मोठ्या साहेबांनी विचारलं, "मग विषबाधाच ना? आरोपी कोण?"

"तांबं," विजयमालाबाई म्हणाल्या. साहेब रवंथ करायचे थांबले, निदान तसं त्यांना वाटलं.

फाल्गुनात कळप रस्त्याला लागला. दवाखान्यासमोरून जाताना मायाक्का थांबली. डोक्यावर ओझं नव्हतं, ते सोनाबाईच्या डोक्यावर होतं. विजयमालाबाईंनी मोठ्या दवाखान्यातून आणलेल्या लोहाच्या गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या.

"माती बंद. रोज ह्या."

मायाक्कानं गोळ्या निरखून पाहिल्या. "ह्या मेंढरांच्या न्हाईत न्हवं?"

दोघी हसल्या. मग कोंडीबानं हाळी दिली आणि कळप हलला. सगळ्यात पुढं नेहमीसारखी शेरडं. त्यातल्या एकानं दाराशी थांबून विजयमालाबाईंकडं पाहिलं आणि जबडा हलवत उभं राहिलं. तेच निर्विकार तोंड. पण ह्या वेळी ते त्यांना साहेबांसारखं मुळीच वाटलं नाही. खरी साक्ष देऊन घरी निघालेल्या साक्षीदाराचं वाटलं.